मागच्या रांगेत एसी लागत नाही? गॅस भरण्याआधी हे तपासा

गोव्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की माझ्या गॅरेजसमोर सात सीटर गाड्यांची रांग लागते. तक्रार ठरलेली असते: ‘मेस्त, पुढे थंडी वाजते आणि मागे मुलं घामाघूम होतात. जरा गॅस भरून द्या.’ वर्षभर या गाड्यांची तिसरी रांग दुमडलेली असते. तिच्यावर बाजाराच्या पिशव्या, छत्र्या आणि क्रिकेटचं किट पडलेलं असतं. मागचा एसी बंद पडून सहा महिने झाले तरी कुणाला पत्ता लागत नाही. मग चवथीला किंवा शिरगावच्या जत्रेला सगळं घर गाडीत बसतं आणि बिघाड एकदम उघडा पडतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. मागे थंड न होणाऱ्या ज्या गाड्या माझ्याकडे येतात, त्यांतल्या कितीतरी गाड्यांना गॅसची गरजच नसते. ज्यांना असते, त्यांना नुसत्या गॅसने भागत नाही. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद पाइपांतून फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय, आणि ती जागा न शोधता वरून गॅस ओतणं म्हणजे पैसे हवेत सोडणं.

आधी लक्षण नीट ओळखा

‘एसी लागत नाही’ एवढ्याने काही कळत नाही. गाडी गॅरेजात नेण्याआधी स्वतः तिसऱ्या रांगेत जाऊन बसा आणि यातलं काय होतंय ते बघा.

मागे वाराच येत नाही, किंवा फक्त शेवटच्या स्पीडला येतो. हा बहुतेक विजेचा बिघाड असतो, गॅसशी संबंध नाही.

मागे वारा जोरात येतो पण साधा, पंख्यासारखा. पुढे मात्र चांगलं थंड. इथे मागची कूलिंग कॉइल (हवा थंड करणारी जाळी), तिच्यात गॅस सोडणारा व्हॉल्व्ह किंवा तिच्याकडे जाणारे पाइप यांच्यावर संशय घ्यायचा. गॅस थोडा कमी असला तरी बऱ्याचदा आधी मागचंच थंड होणं घटतं.

पुढेमागे दोन्हीकडे थंड कमी. मग बिघाड दोन्ही कॉइलना सामाईक असलेल्या भागात असतो: कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी पुढची चौकट), कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप), एकूण गॅस.

गाडी पळते तोवर मस्त, पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये थांबली की कोमट. कंडेन्सरचा पंखा किंवा तुंबलेला कंडेन्सर.

पहिला तासभर छान थंड, मग वारा हळूहळू मंदावतो, आणि एसी दहा मिनिटं बंद ठेवून परत लावला की पुन्हा ठीक. कॉइलवर बर्फ धरतोय.

मागे छतातून किंवा बाजूच्या पत्र्यातून पाणी ठिबकतं, कार्पेट ओलं, कुबट वास. ड्रेनची, म्हणजे कॉइलचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली आहे.

चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना पूर्ण रेस दिल्यावर काही क्षण एसी सुटतो आणि मग परत लागतो, हा बिघाड नव्हे. इंजिनाला सगळी ताकद चढाला मिळावी म्हणून कॉम्प्युटर कॉम्प्रेसर तेवढ्यापुरता सोडतो. मात्र त्याच वेळी तापमानाचा काटाही वर चढत असेल तर एसी विसरा. गाडी बाजूला घ्या, इंजिन थंड होऊ द्या आणि मगच कूलंट बघा. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

गाडीत मागे नक्की आहे काय?

‘रिअर एसी’ या नावाखाली तीन वेगवेगळे प्रकार विकले जातात. पहिल्यात पुढच्याच कॉइलची थंड हवा मधल्या कन्सोलमधल्या डक्टने मागे नेतात. दुसऱ्यात मागे फक्त ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारा पंखा असतो. तो गाडीतलीच हवा ओढून मागच्या झरोक्यांतून सोडतो. तिसऱ्यात मागे खरोखर वेगळी कूलिंग कॉइल असते, छतात किंवा मागच्या चाकाच्या वरच्या बाजूच्या पॅनेलात, आणि तिच्यासाठी इंजिनापासून गाडीखालून दोन ॲल्युमिनियमचे पाइप मागेपर्यंत जातात. कॉम्प्रेसर मात्र तिन्ही प्रकारांत एकच.

पहिल्या दोन प्रकारांत मागे बर्फासारखी हवा कधीच येणार नाही. शोरूममध्ये हे कुणी सांगत नाही, आणि मालक पुढे दोन वर्षं ‘बिघाड’ शोधत फिरतो. मालकाच्या पुस्तिकेत बघा, किंवा लिफ्टवर गाडी चढवली असेल तेव्हा खालून बघा. मागेपर्यंत एक जाड आणि एक बारीक अशी पाइपांची जोडी गेली असेल तर वेगळी कॉइल असण्याची शक्यता दाट. मागच्या हीटरचे पाइपही काही गाड्यांत तसेच जातात, म्हणून पक्कं पुस्तिकेवरूनच करा.

फुकटातल्या तपासण्या

सुरुवात बटणांपासून. हसू नका. पुढच्या पॅनेलवर मागचा एसी बंद किंवा लॉक करायचं बटण बऱ्याच गाड्यांत असतं. मुलं मागचा नॉब शून्यावर नेतात. छतातले झरोके कुणीतरी कानाला वारा लागतो म्हणून फिरवून बंद केलेले असतात. हे सगळं उघडा आणि मगच पुढे जा.

मग हवा आतल्या आत फिरवायचं बटण, म्हणजे रिसर्क्युलेशन. गोव्यात याला फार महत्त्व आहे. आपली हवा दमट. कॉइलची बरीचशी ताकद हवा थंड करण्याआधी तिच्यातलं पाणी काढण्यात जाते. बाहेरची हवा आत घेत राहिलात तर ते काम संपतच नाही, आणि तिसऱ्या रांगेपर्यंत उरलंसुरलं पोहोचतं. आधी दोन मिनिटं काचा खाली करून तापलेली हवा जाऊ द्या, मग काचा लावून रिसर्क्युलेशन. गाडीत सातजण असतील तर अधूनमधून थोडा वेळ बाहेरची हवा घ्या. बंद हवेत सातजणांच्या श्वासाने ड्रायव्हरला पेंग येते.

सामान. मागचा ब्लोअर हवा सोडतो तशी कुठून तरी ओढतोही. ती ओढायची जाळी बहुतेक डिकीच्या बाजूच्या पॅनेलात खाली किंवा छतात असते. चवथीला माटोळीचं (गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीचं) सामान, नारळ, केळीचे घड, कपड्यांच्या बॅगा असं सगळं त्या जाळीला टेकवून रचलं की ब्लोअर नुसता घोंघावतो, वारा निघत नाही. जाळी कुठे आहे ते एकदा शोधून ठेवा आणि तिच्यासमोर वीतभर जागा मोकळी सोडा.

आता थर्मामीटर. स्वयंपाकघरात वापरतात तसा टोकाचा डिजिटल थर्मामीटर पुरतो. गाडी सावलीत, दारं बंद, रिसर्क्युलेशन चालू, ब्लोअर मध्यम, आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. तिसऱ्या रांगेला वेळ लागतोच. पुढच्या मधल्या झरोक्यात टोक धरा, मग मागच्या. आपल्या दमट हवेत पुढे ८ ते १२ अंश सेल्सिअस आलं तर मी ते चांगलं मानतो. वेगळी कॉइल असलेल्या गाडीत मागे दोन-चार अंश जास्त असणं चालतं. पुढे १० आणि मागे २०, तर मागच्या बाजूला बिघाड आहे. दोन्हीकडे १८, तर सामाईक भागात. हा आकडा लिहून घ्या. मेकॅनिकला ‘थंड कमी वाटतं’ म्हणण्यापेक्षा ‘पुढे दहा, मागे वीस’ म्हणालात की निम्मं काम झालं, आणि तो तुम्हाला सहजासहजी गुंडाळतही नाही.

शे-दोनशे ते हजारभर रुपयांतल्या तपासण्या

केबिन फिल्टर. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. बॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली लोंबतो आणि मागे फिल्टरचं झाकण दिसतं. डिचोली, साखळी, वाळपईकडच्या गाड्यांचा फिल्टर मी बाहेर काढतो तेव्हा तो विटेच्या रंगाचा असतो. खनिजाच्या ट्रकांची आणि चिऱ्यांची तांबडी धूळ इतकी बारीक, की फिल्टरच्या घड्यांमध्ये पाण्याबरोबर तिचा चिखल होतो आणि वाळून ती कडक बसते. फटके मारून झाडण्याला अर्थ नाही, नवीन घाला. आंब्याखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत पानांचा चुरा असतो. उंदरांनी तिथे काजूच्या बिया नेऊन ठेवलेल्याही मला सापडल्या आहेत. फिल्टरला कडेने कुरतडलेलं दिसलं तर वायरिंगही बघून घ्या.

फिल्टर महत्त्वाचा का? कॉइलवरून हवा कमी गेली की कॉइल गरजेपेक्षा जास्त गार होते, तिच्यावरचं पाणी गोठतं, आणि बर्फाने उरलेली वाटही बंद होते. तासाभराने वारा मंदावणाऱ्या गाडीत पहिला संशय मी याच्यावरच घेतो. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, फिल्टर बदला. धुळीच्या भागात दोनदा. काही गाड्यांत मागच्या युनिटच्या जाळीवरही फेसाचा पातळ पडदा असतो. तो साध्या पाण्याने धुऊन वाळवून परत बसवता येतो.

फ्यूज. मागे वारा अजिबात येत नसेल तर फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा नकाशा बघा, मागच्या ब्लोअरचा फ्यूज काढा आणि आतली तार तुटली आहे का ते उजेडात धरून बघा. नवीन फ्यूज त्याच अँपिअरचा घाला. १५ चा उडाला म्हणून ३० चा घालणारे बहाद्दर असतात. मग फ्यूजऐवजी वायर जळते, आणि ती वायर सीटच्या आणि कार्पेटच्या मधून गेलेली असते. नवीन फ्यूज लगेच परत उडाला तर तिथेच थांबा. ब्लोअरची मोटर अडकली आहे किंवा वायर कुठेतरी उघडी पडली आहे, ते ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम. वारा फक्त शेवटच्या स्पीडला येत असेल तर ब्लोअरचा वेग ठरवणारा रेझिस्टर गेलेला असतो. तो लहानसा भाग आहे, त्यासाठी कुणी पूर्ण ब्लोअर बदलायला सांगितला तर दुसरं गॅरेज बघा.

कंडेन्सर आणि पंखा. पुढच्या जाळीतून आत डोकावलात की रेडिएटरच्या पुढे जी चपटी, बारीक पात्यांची चौकट दिसते, ती कंडेन्सर. गाडीतून काढलेली सगळी उष्णता इथून बाहेर जाते. तो किडे, पानं, प्लास्टिकच्या पिशव्या आणि धुळीने भरला की एसीचा दम कोंडतो. इंजिन बंद आणि थंड असताना बागेच्या साध्या पाइपाने, हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारू नका. पाती आडवी पडतात आणि मग कायमची हवा अडते. कळंगुट, मांद्रे, हरमल अशा किनाऱ्याजवळच्या घरांत गाडी उघड्यावर राहत असेल तर दर आठवड्याला हा भाग आणि गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवायची सवय लावा. खारी हवा ॲल्युमिनियमच्या पात्यांचा अक्षरशः चुरा करते, बोट लावलं की भुकटी हातात येते. अशा कंडेन्सरला धुऊन उपयोग नाही, तो बदलावाच लागतो.

धुऊन झाल्यावर एसी लावा आणि पंखा फिरतो का ते बघा. काही गाड्यांत दाब वाढल्यावरच तो सुरू होतो, म्हणून दोन-तीन मिनिटं द्या. जुन्या डिझेल गाड्यांत इंजिनावर बेल्टने फिरणारा मोठा पंखा असतो आणि कंडेन्सरसाठी पुढे आणखी एक विजेचा. मोठा फिरतोय म्हणून समाधान मानू नका, विजेचाही बघा. हात, ओढणी, लुंगीचा सोगा लांब ठेवा. विजेचा पंखा सूचना न देता सुरू होतो.

ड्रेन. दमट दिवसात एसी चालला की गाडीखाली पाण्याचं थारोळं साचतं, ते निरोगी लक्षण. पुढच्या कॉइलचं पाणी पुढच्या सीटच्या आसपास खाली पडतं, मागच्या कॉइलचं मागच्या चाकाजवळ. मागे थेंब नाही आणि आत कार्पेट ओलं, तर नळी तुंबली आहे. तिच्या टोकाला चिखल बसतो, कधी कुंभारमाशी घर बांधते. खालून मऊ प्लास्टिकची तार हलकेच घालून मोकळी करा. लोखंडी तार ढोसू नका, नळी आतून सुटली तर पाणी थेट पॅनेलात जाईल. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्या चार महिन्यांत ओलं झालेलं कार्पेट आपसूक वाळत नाही. सीट काढून ते बाहेर घ्यावं लागतं, नाहीतर बुरशी आणि खालच्या वायरींना गंज.

गाडीखाली बघा: गोव्यातला खरा चोर

इतकं सगळं ठीक असेल तर आता गाडीच्या पोटाखाली. मात्र नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. सर्व्हिसिंगला गाडी लिफ्टवर चढते तेव्हा दोन मिनिटं मागून घ्या आणि टॉर्च घेऊन उभे राहा.

मागच्या कॉइलकडे जाणारे ते दोन पाइप जागोजागी क्लॅम्पने बांधलेले असतात. क्लॅम्पच्या आत रबर असतं. काही पावसाळ्यांनंतर रबर आकसतं, मधल्या फटीत तांबडा चिखल जाऊन बसतो आणि तो कधी पूर्ण वाळतच नाही. किनाऱ्यावरच्या गाडीत त्यात मीठही मिसळतं. ॲल्युमिनियमचा पाइप, लोखंडी क्लॅम्प आणि मधे खारा ओलावा एवढं जुळलं की क्लॅम्पखाली पाइप खाल्ला जातो. बाहेरून आधी पांढरी पिठूळ पूड दिसते. ती नखाने खरवडली की खाली खड्डा. भोक सुईच्या टोकाएवढं असतं, डोळ्याला दिसतही नाही, पण त्याच्याभोवती काळा, चिकट, धूळ धरलेला डाग असतो. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं, त्याचा तो डाग. बाकी पाइप कोरडा आणि एकाच क्लॅम्पपाशी असा तेलकट पट्टा दिसला की नव्वद टक्के गळती तिथेच.

वर्षाआड गॅस भरून घेणाऱ्या बहुतेकांच्या गाडीत मला हाच डाग सापडतो. दरवेळी कुणीतरी पुढच्या बाजूने गॅस घालतो, पुढे थंड लागतं, मालक खूश होऊन जातो. खाली कुणी बघत नाही, कारण खाली बघायला लिफ्ट लागते आणि वेळ लागतो.

डाग सापडला तर फोटो काढून ठेवा. बोटाने भोक उकरू नका आणि त्यावर एम-सील लावायचा विचारही करू नका. चालू असताना त्या पाइपांतल्या बारक्यात मोठा दाब असतो.

इथे थांबायचं

यापुढचं काम घरी करायचं नाही. पाइपाचा जोड सैल करणं, व्हॉल्व्हची पिन दाबून ‘गॅस आहे का’ बघणं, ऑनलाइन मिळणाऱ्या डब्याने गॅस घालणं, यातलं काहीही नको. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत असलेला आर-१३४ए हा गॅस मोकळ्या हवेत उणे २६ अंशाला उकळतो. त्याचा फवारा बोटावर आला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. शिवाय तो हवेत सोडणंही बरं नाही. त्याची एकेक किलोची झळ वातावरणाला कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त बसते. चांगल्या गॅरेजात तो मशीनने परत ओढून घेतात.

स्ट्राँग हायब्रिड गाडी (जी काही अंतर नुसत्या विजेवरही धावते) असेल तर तुमची हद्द त्याच्याही आधी संपते. तिचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो आणि त्याला जाडजूड नारिंगी केबल जाते. नारिंगी केबल म्हणजे जीवघेणा व्होल्टेज. तिच्या कॉम्प्रेसरचं तेलही वेगळं असतं. नेहमीचं तेल थोडं जरी मिसळलं तरी त्याचं इन्सुलेशन बिघडतं. अशी गाडी नाक्यावरच्या एसीवाल्याकडे नेऊ नका, माझ्याकडेही आणू नका. कंपनीच्या वर्कशॉपमध्येच न्या. साधी गाडी वॉरंटीत असेल तरी तेच, कारण बाहेर पाइप कापला की वॉरंटीचा वाद सुरू.

गॅरेजात काय होतं ते उभं राहून बघा

मेकॅनिकने आधी दाब मोजायचे गेज लावायला हवेत. गाडी बंद असताना ३० अंशाच्या हवेत आर-१३४ए चा दाब दोन्ही गेजवर साधारण ९५ ते १०० पीएसआय दिसतो. त्यावरून गॅस किती आहे ते कळत नाही, थोडा द्रव शिल्लक असला तरी दाब तेवढाच राहतो. पण ४०-५० दिसला तर प्रणाली जवळपास रिकामी आहे एवढं नक्की. गाडी चालू केल्यावर आपल्या हवेत लो साइड (कमी दाबाची बाजू) ३० ते ४५ आणि हाय साइड (जास्त दाबाची बाजू) २०० ते २५० च्या आसपास असेल तर ठीक. दोन्ही बाजू कमी म्हणजे गॅस कमी. दोन्ही बाजू जास्त म्हणजे गॅस जादा, कंडेन्सर तुंबलेला किंवा आत हवा शिरलेली.

हे शेवटचं लक्षात घ्या. गॅस जास्त भरला की जास्त थंड होतं ही समजूत चुकीची आहे. जादा गॅसने दाब वाढतो, थंड होणं कमी होतं आणि कॉम्प्रेसर लवकर मरतो. बॉनेटखाली एक स्टिकर असतो, त्यावर गॅसचं नाव आणि वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. मागे वेगळी कॉइल असलेल्या गाडीला लहान गाडीपेक्षा बराच जास्त गॅस लागतो. अंदाजाने भरणारा एकतर कमी भरतो, नाहीतर गेजकडे बघत बघत जास्त. वजनकाटा नसलेल्याकडून गॅस भरून घेऊ नका.

गळती शोधायला साबणाचं पाणी चालतं, पण बारीक भोकाला रंगद्रव्य घालून जांभळ्या दिव्याने बघणं किंवा नायट्रोजन भरून दाब किती वेळ टिकतो ते बघणं जास्त भरवशाचं. भोक सापडलं की दोन वाटा. एकाच जागी खाल्लेला आणि बाकी चांगला असलेला पाइप आर्गन वेल्डिंगने किंवा तेवढा तुकडा बदलून चालवता येतो. पण किनाऱ्यावरच्या गाडीत एक क्लॅम्प गेला की शेजारचेही वाटेवर असतात. तिथे मी तुकडेजोड करून देत नाही, पूर्ण पाइप आणि नवीन रबर सांगतो. महाग पडतं हे खरं, पण दर वर्षी गॅस आणि वेळ घालवण्यापेक्षा परवडतं.

जोड उघडला की ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) आणि ड्रायर (ओलावा शोषणारा भाग) नवीन घालायचे, आणि गॅस भरण्याआधी किमान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे आतली हवा ओढून काढणं. लांब पाइपांच्या गाडीला त्याहून जास्त. ‘पाच मिनिटांत भरून देतो’ म्हणणाऱ्याकडून गाडी वळवा. आपली हवा इतकी दमट, की पाइप थोडा वेळ उघडा राहिला तरी आत बाष्प जातं. ते व्हॉल्व्हपाशी गोठून वाट अडवतं आणि तेलाबरोबर आम्ल होऊन कॉइल आतून खातं. पावसात तेलाचा अर्धवट उघडा डबा वापरताना दिसला तर नवीन डबा मागा. लीक बंद करणारं द्रावण घालू देऊ नका, ते बारीक व्हॉल्व्ह आणि गॅरेजचं मशीन दोन्ही तुंबवतं.

पाइप ठीक, गॅस ठीक आणि तरी मागे गरम, तर मागचा एक्सपान्शन व्हॉल्व्ह अडकलेला किंवा मागची कॉइल गेलेली. त्यासाठी बाजूचं पॅनेल किंवा छत उतरवावं लागतं. हे दिवसभराचं काम आहे. कॉइल बाहेर आलीच आहे तर व्हॉल्व्हही त्याच वेळी बदला, मजुरी दोनदा पडत नाही. पुढच्या कॉइलसाठी डॅशबोर्ड उतरवायला सांगितला तर मात्र आधी गळतीचा पुरावा मागा, दिव्यात चमकलेला डाग किंवा ड्रेनच्या पाण्यात आलेला रंग. पुराव्याशिवाय डॅशबोर्ड उतरवू देऊ नका. एकदा उतरलेला डॅशबोर्ड पुन्हा बसवल्यावर खडखडतोच.

जुनी सात सीटर घेत असाल तर

विकणारा तुम्हाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून एसी दाखवेल. तुम्ही मागे जा. पंधरा मिनिटं तिसऱ्या रांगेत बसून राहा, गाडी चालू असताना आणि थांबलेली असताना. मग लिफ्टवर गाडी चढवायला सांगा आणि मागचे पाइप पुढून मागेपर्यंत नजरेने पाळत जा. टॅक्सी म्हणून चाललेल्या किंवा किनाऱ्यावर राहिलेल्या काही गाड्यांत मागचे पाइप मधेच कापून टोकं बंद केलेली असतात, म्हणजे पुढचा एसी तरी चालू राहावा. आत ब्लोअर फिरतो, वारा येतो, हिवाळ्यात पंधरा मिनिटांच्या चकरेत कुणाला कळतही नाही. तात्पुरता उपाय म्हणून तो वाईट नाही, पण ती गाडी मग पाच माणसांचीच राहते. टोकं बंद केलेली दिसली तर पूर्ण पाइप, मागची कॉइल, व्हॉल्व्ह, ड्रायर आणि गॅस यांचं लेखी कोटेशन एखाद्या गॅरेजातून आणा आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करायला सांगा. विकणारा ‘नुसता गॅस कमी आहे’ म्हणाला तर त्यालाच भरून आणायला सांगा, आणि पंधरा दिवसांनी थर्मामीटर घेऊन पुन्हा तिसऱ्या रांगेत बसा.